फाइलचं नाव फाइलमध्ये नसतं: आयनोड आणि लिंक हाताने करून समजून घेऊ

युनिक्सच्या कर्नलमध्ये, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्यात, ‘फाइल पुसून टाक’ असं सांगणारा सिस्टिम कॉल (प्रोग्रॅमने कर्नलला करायची विनंती) नाही. जो आहे त्याचं नाव ‘अनलिंक’. फाइल पुसायला आरएम ही कमांड रोज वापरणाऱ्या अनेकांना हे माहीत नसतं, आणि त्यामुळे पुढे कितीतरी गोष्टी कोड्यासारख्या वाटतात. मोठी फाइल पुसली तरी जागा मोकळी होत नाही. डिस्कवर जागा दिसत असते तरी ‘जागा शिल्लक नाही’ अशी चूक येते. एका नावाखाली केलेला बदल दुसऱ्या नावाखाली कधी दिसतो, कधी दिसत नाही. या सगळ्याचं मूळ एकच आहे: नाव वेगळं आणि फाइल वेगळी.

हे वाचून पटतं, पण करून पाहिल्याशिवाय अंगवळणी पडत नाही. म्हणून टर्मिनल उघडा आणि वाचता वाचता करत चला.

सुरुवातीला लिहिण्याच्या पद्धतीबद्दल. इथे कमांड उच्चाराप्रमाणे दिल्या आहेत. एलएस, एलएन, आरएम, एमव्ही, सीपी, सीडी, डीएफ, डीयू या अक्षरांच्या कमांड. कॅट, एको, स्टॅट, फाइंड हे सरळ शब्द. टाइप करताना रोमन लिपीतली लहान अक्षरं आणि इंग्रजी आकडे वापरायचे. मोठं अक्षर हवं असेल तिथे तसं सांगेन. फाइलींची नावं मात्र देवनागरीतच द्या. ती व्यवस्थित चालतात, आणि पुढे त्यांच्यामुळेच काही गोष्टी चांगल्या दिसतील. ऑप्शन लिनक्सवरच्या जीएनयू कमांडींचे आहेत. मॅकवर स्टॅट आणि आणखी काही कमांड थोड्या वेगळ्या वागतात, कल्पना तीच.

पायरी १: क्रमांक बघा

    एमकेडीआयआर सराव
    सीडी सराव
    एको "नमस्कार" > पत्र
    एलएस -एलआय

ओळीच्या अगदी सुरुवातीला एक मोठा आकडा दिसेल. समजा ५२४३१२१, तुमच्याकडे वेगळा असेल. हा आयनोड क्रमांक. त्यानंतर परवानग्या, मग एक छोटासा १, मग मालक, गट, आकार, तारीख आणि सगळ्यात शेवटी नाव. तो छोटा १ नीट बघून ठेवा, पुढचा अर्धा लेख त्याच्याबद्दल आहे.

आकार २२ बाइट दिसेल. ‘नमस्कार’मध्ये न, म, स, पाय मोडण्याची खूण, क, काना आणि र अशी ७ चिन्हं आहेत. यूटीएफ-८ या अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला ३ बाइट लागतात, म्हणजे २१, आणि ओळ संपल्याची खूण १.

पायरी २: आयनोडमध्ये काय काय असतं

    स्टॅट पत्र

आयनोड म्हणजे फाइलसिस्टिमने (डिस्कवर फाइली कशा ठेवायच्या ते सांभाळणाऱ्या व्यवस्थेने) प्रत्येक फाइलसाठी ठेवलेली एक नोंद. एक्स्ट४ या लिनक्सवरच्या नेहमीच्या फाइलसिस्टिमवर ही नोंद साधारणपणे २५६ बाइटची असते. तिच्यात फाइलचा प्रकार, परवानग्या, मालकाचा आणि गटाचा क्रमांक, आकार, वेळेच्या नोंदी, लिंक काउंट (मघाचा तो छोटा १, म्हणजे या आयनोडला किती नावं आहेत) आणि मजकूर डिस्कवर कोणकोणत्या ब्लॉकमध्ये आहे याचा पत्ता असतो. ‘आयनोड’मधलं ‘आय’ म्हणजे काय, असं युनिक्सचे एक जनक डेनिस रिची यांना विचारलं गेलं होतं. त्यांनाही खात्री नव्हती. ‘इंडेक्स’ असावं, एवढाच अंदाज त्यांनी सांगितला.

या यादीत एक गोष्ट नाही: फाइलचं नाव. स्टॅटने वर दाखवलेलं नाव तुम्हीच तिला दिलेलं आहे, ते आयनोडमधून आलेलं नाही.

वेळेच्या नोंदींबद्दल एक गैरसमज इथेच दूर करून टाकू. स्टॅट ‘ॲक्सेस’, ‘मॉडिफाय’ आणि ‘चेंज’ अशा ३ वेळा दाखवते, बहुतेक नव्या सिस्टिमवर ‘बर्थ’ ही चौथीही. ‘मॉडिफाय’ म्हणजे मजकूर शेवटचा बदलला ती वेळ. ‘चेंज’ म्हणजे आयनोड शेवटचा बदलला ती वेळ. तिला सीटाइम म्हणतात, आणि त्या ‘सी’चा अर्थ ‘क्रिएट’ असा लावणारे खूप भेटतात. तसं नाही. सीएचमॉडने पत्रच्या परवानग्या बदला आणि पुन्हा स्टॅट करा: ‘मॉडिफाय’ जागेवर राहील, ‘चेंज’ पुढे सरकेल.

पायरी ३: मग नाव कुठे असतं?

डिरेक्टरीत. डिरेक्टरी ही फाइलींनी भरलेली पेटी आहे असं चित्र आपल्या डोक्यात असतं, ते पुसून टाका. डिरेक्टरी हीसुद्धा एक फाइलच आहे, आणि तिच्यात फक्त जोड्या असतात: हे नाव, हा आयनोड क्रमांक. हजेरीपटासारखी. पत्र हे नाव ‘सराव’ या डिरेक्टरीत लिहिलेलं आहे, समोर ५२४३१२१ हा आकडा आहे, संपलं.

यावरून निघणाऱ्या दोन गोष्टी नव्या माणसाला चकवतात. पहिली पुसण्याच्या परवानगीची. हे करा:

    सीएचमॉड ४४४ पत्र
    आरएम पत्र

आरएम एकदा विचारेल, तुम्ही होकार दिलात की फाइल जाईल. फाइल फक्त वाचण्यापुरती होती ना? होती. पण पुसणं म्हणजे फाइलमध्ये लिहिणं नव्हे. पुसणं म्हणजे डिरेक्टरीतली एक ओळ काढणं. म्हणून परवानगी लागते ती डिरेक्टरीत लिहिण्याची. सगळ्यांना लिहायला मोकळी असलेल्या तात्पुरत्या फाइलींच्या डिरेक्टरीवर म्हणूनच स्टिकी बिट लावलेला असतो: त्यामुळे साधा वापरकर्ता तिथल्या स्वतःच्या फाइलीच काढू शकतो, दुसऱ्याच्या नाही. पत्र पुन्हा तयार करून ठेवा, लागणार आहे.

दुसरी गोष्ट नावाच्या लांबीची. लिनक्सवरच्या नेहमीच्या फाइलसिस्टिममध्ये एका नावाला २५५ बाइटची मर्यादा आहे. अक्षरांची नाही, बाइटची. देवनागरीत त्याची ८५ चिन्हं होतात, आणि काना, मात्रा, पाय मोडणं हे सगळं त्यात मोजलं जातं. लांबलचक मराठी शीर्षकाची फाइल कॉपी करताना ‘नाव फार लांब आहे’ अशी चूक आली तर कारण हे.

आता स्वतः डिरेक्टरीचा लिंक काउंट बघा. एलएसला -एलडी देऊन एखाद्या नव्या रिकाम्या डिरेक्टरीकडे पाहिलं, तर १ ऐवजी २ दिसतो: एक तिचं नाव तिच्या वरच्या डिरेक्टरीत, दुसरं तिच्या आतलं एक टिंब, म्हणजे ‘मी स्वतः’. आत उपडिरेक्टरी केली की ३, कारण त्या उपडिरेक्टरीतली दोन टिंबंही हिच्याकडेच बोट दाखवतात. एक्स्ट४ वर हे हुबेहूब दिसतं. बीटीआरएफएस ही दुसरी फाइलसिस्टिम मात्र डिरेक्टरीसाठी कायम १ दाखवते, तेव्हा तिथे गोंधळू नका.

पायरी ४: हार्ड लिंक

    एलएन पत्र चिठ्ठी
    एलएस -एलआय

दोन्ही ओळींवर तोच आयनोड क्रमांक, आणि तो छोटा १ आता दोन्हीकडे २ झालेला. मजकुराची प्रत झालेली नाही. हजेरीपटात एक नवी ओळ आली, समोर जुनाच आकडा. आता चिठ्ठीच्या बाजूने लिहा आणि पत्रच्या बाजूने वाचा:

    एको "दुसरी ओळ" >> चिठ्ठी
    कॅट पत्र

दुसरी ओळ दिसेल. इथे हमखास विचारला जाणारा प्रश्न: यातली मूळ फाइल कुठली आणि लिंक कुठली? उत्तर आहे, दोन्ही सारख्याच. पत्र आधी आलं याची नोंद आयनोडमध्ये कुठेही नाही. आपण ज्याला नुसतं ‘फाइलचं नाव’ म्हणत होतो ती पहिल्यापासून हार्ड लिंकच होती, फक्त एकटी होती म्हणून ते जाणवलं नाही. करून बघा: आरएम पत्र, मग कॅट चिठ्ठी. मजकूर जसाच्या तसा, काउंट पुन्हा १.

हार्ड लिंकला मर्यादा आहेत, आणि त्या पाठ करायची गरज नाही, कारण त्या रचनेतूनच येतात. आयनोड क्रमांक एका फाइलसिस्टिमच्या आतच अर्थ धरतो. दुसऱ्या पार्टिशनवर तोच आकडा भलत्याच फाइलचा असतो. म्हणून एका फाइलसिस्टिमवरून दुसरीवर हार्ड लिंक करता येत नाही. एखादी फाइल नेमकी ओळखायची तर डिव्हाइस आणि आयनोड क्रमांक अशी जोडीच लागते. डिरेक्टरीला हार्ड लिंक करू देत नाहीत, कारण मग झाडात वर्तुळ तयार होऊ शकतं आणि झाड चालत जाणारे प्रोग्रॅम त्यात फिरत राहतील. शिवाय एक्स्ट४ वर एका फाइलला जास्तीत जास्त ६५,००० हार्ड लिंक, हा आकडा सहसा आड येत नाही. आणि दुसऱ्याच्या मालकीच्या फाइलला लिंक करताना ‘परवानगी नाही’ असं आलं तर त्यामागे सुरक्षेचा नियम आहे. लिनक्स ३.६ पासून कर्नलमध्ये अशी सोय आहे की ज्या फाइलचे तुम्ही मालक नाही आणि जी तुम्हाला वाचता-लिहिता येत नाही, तिला तुम्ही हार्ड लिंक करू शकत नाही. बहुतेक वितरणांत ती चालू असते.

कुठल्या फाइलला आणखी नावं आहेत हे शोधायचं असेल तर:

    फाइंड . -सेमफाइल चिठ्ठी
    फाइंड . -टाइप एफ -लिंक्स +१

पहिली कमांड त्याच आयनोडची सगळी नावं देते, दुसरी एकाहून जास्त नावं असलेल्या सगळ्या फाइली.

कॉपी, मूव्ह आणि एडिटर

सीपीने नवा आयनोड तयार होतो, मजकूर वेगळा लिहिला जातो. एमव्ही त्याच फाइलसिस्टिममध्ये केलं तर आयनोड तोच राहतो, फक्त हजेरीपटातली ओळ बदलते. म्हणूनच ५० जीबीची फाइल क्षणात ‘हलते’. दुसऱ्या डिस्कवर एमव्ही केलं की मात्र आतून कॉपी आणि मग पुसणं होतं, वेळ लागतो, आयनोड नवा येतो आणि जुन्या हार्ड लिंकांशी नातं तुटतं.

एडिटरपाशी जास्त सावध राहायला हवं. अनेक एडिटर ‘सेव्ह’ करताना जुन्या फाइलवर लिहीत नाहीत. शेजारी नवी फाइल लिहितात आणि तिला जुनं नाव देतात. मध्येच वीज गेली तरी अर्धवट फाइल उरत नाही, म्हणून ही पद्धत चांगलीच आहे. पण त्यामुळे ते नाव आता नव्या आयनोडकडे बोट दाखवतं, आणि दुसरी हार्ड लिंक जुन्या मजकुराकडेच राहते. फाइलमधला मजकूर बदलणारी सेड -आय ही कमांड हेच करते:

    एलएन चिठ्ठी पत्र
    सेड -आय 'एस/नमस्कार/रामराम/' पत्र
    एलएस -आय
    कॅट चिठ्ठी

आकडे वेगळे झालेले दिसतील आणि चिठ्ठीत अजून ‘नमस्कार’च असेल. सुरुवातीला म्हटलं ना, बदल कधी दिसतो, कधी दिसत नाही. ते असं घडतं. हार्ड लिंकवर विसंबून काही उभारत असाल तर त्या फाइली कोण लिहितं आणि कसं लिहितं, हे आधी तपासा.

पायरी ५: सिम्बॉलिक लिंक

हार्ड लिंक युनिक्सच्या अगदी सुरुवातीपासून आहे. सिम्बॉलिक लिंक, रोजच्या बोलण्यात सिमलिंक, १९८३ मध्ये बर्कलीच्या ४.२ बीएसडी या आवृत्तीबरोबर आली. तिची कल्पना निराळी आहे. सिमलिंक ही स्वतःचा आयनोड असलेली स्वतंत्र छोटी फाइल, आणि तिच्यात मजकूर म्हणून फक्त एक पाथ लिहिलेला असतो. ‘त्या पत्त्यावर जा’, एवढंच.

    एलएन -एस चिठ्ठी वाट
    एलएस -एलआय

वाट या नावापुढे बाण आणि त्यापुढे चिठ्ठी असं दिसेल. क्रमांक वेगळा, लिंक काउंट १, चिठ्ठीचा काउंट अजिबात वाढलेला नाही. आणि आकार? १८ बाइट. च, वेलांटी, ठ, पाय मोडण्याची खूण, ठ, दीर्घ वेलांटी: ६ चिन्हं गुणिले ३. पाथ हाच तिचा मजकूर, याचा याहून सरळ पुरावा नको. इतका छोटा पाथ असेल तर एक्स्ट४ त्याला वेगळा ब्लॉकही देत नाही, आयनोडच्या आतच ठेवते.

कमांडमधला क्रम बऱ्याच जणांचा उलटा होतो. मी तो सीपीशी जोडून लक्षात ठेवला आहे: आधी जे आहे ते, मग जे हवं ते. सीपी जुनं नवं, एलएन -एस जुनं नवं.

आता सगळ्यात जास्त वेळ खाणारी चूक. सिमलिंकमधला पाथ तुम्ही टाइप केलात तसाच, अक्षरशः, साठवला जातो. एलएन तो खरा आहे की नाही तपासत नाही. आणि तो पाथ मुळापासून, म्हणजे स्लॅशने, सुरू होत नसेल तर त्याचा अर्थ सिमलिंक जिथे आहे त्या डिरेक्टरीपासून लावला जातो, तुम्ही कमांड देताना जिथे होतात तिथून नाही. करून पाहा:

    एमकेडीआयआर आत
    एलएन -एस चिठ्ठी आत/वाट
    कॅट आत/वाट

‘अशी फाइल नाही’. चिठ्ठी तर समोर आहे! पण आत/वाट मधला ‘चिठ्ठी’ हा शब्द ‘आत’ डिरेक्टरीत शोधला गेला, आणि तिथे ती नाही. बरोबर पाथ होता दोन टिंबं, स्लॅश, चिठ्ठी:

    एलएन -एसएफ ../चिठ्ठी आत/वाट

हा हिशेब स्वतः करायचा नसेल तर एलएनला -एसआर द्या, ती योग्य सापेक्ष पाथ काढून देते. पूर्ण पाथ द्यावा की सापेक्ष? माझं मत असं: लिंक आणि तिचं लक्ष्य एकाच प्रकल्पाच्या झाडात असतील तर सापेक्ष द्या, म्हणजे अख्खं झाड उचलून दुसरीकडे ठेवलं तरी लिंका जिवंत राहतात. लक्ष्य सिस्टिममधल्या ठरलेल्या जागी असेल तर पूर्ण पाथ द्या.

लक्ष्य पुसलं गेलं किंवा त्याचं नाव बदललं तर सिमलिंकला ते कळत नाही. ती लोंबकळत राहते. अशा तुटलेल्या लिंका शोधायला:

    फाइंड . -एक्सटाइप एल

आणि लिंक शेवटी कुठे पोचते ते बघायला रीडलिंक -एफ किंवा रिअलपाथ. दोन सिमलिंकांनी एकमेकींकडे बोट दाखवलं तर कर्नल अडकून पडत नाही. एक पाथ उलगडताना लिनक्स ४० सिमलिंकांपर्यंत जातं आणि मग चूक देऊन थांबतं.

पुसताना: आरएम वाट म्हटलं की फक्त लिंक जाते, लक्ष्याला धक्का लागत नाही. पण डिरेक्टरीकडे जाणारी सिमलिंक पुसताना शेवटी स्लॅश ठेवू नका. टॅब दाबून नाव पूर्ण केलं की तो स्लॅश बऱ्याचदा आपोआप येतो. स्लॅश असला की पाथचा अर्थ लिंक राहत नाही, पलीकडची डिरेक्टरी होतो. तो खोडा, मग एंटर दाबा. सीएचमॉडही अशीच लक्ष्यावर चालते, लिंकवर नाही.

डिरेक्टरीकडे जाणारी लिंक दुसरीकडे वळवायची असते तेव्हाही असाच खड्डा आहे. ‘चालू’ ही सिमलिंक ‘आवृत्ती-१’ या डिरेक्टरीकडे जाते आहे आणि तुम्ही नुसतं एलएन -एसएफ आवृत्ती-२ चालू म्हणालात, तर नवी लिंक ‘आवृत्ती-१’च्या आत तयार होते आणि ‘चालू’ जिथे होती तिथेच राहते. -एसएफएन द्या. सर्व्हरवर चालू प्रोग्रॅमची आवृत्ती बदलताना मी याहून एक पाऊल पुढे जातो:

    एलएन -एस आवृत्ती-२ चालू-नवी
    एमव्ही -टी चालू-नवी चालू

इथे टी मोठं अक्षर. नाव बदलणं हे कर्नलसाठी एकसंध काम आहे, त्यामुळे ‘चालू’ हे नाव अस्तित्वातच नाही असा एकही क्षण मध्ये येत नाही.

कधी कुठली लिंक

बहुतेक वेळा सिमलिंक. ती एलएसमध्ये दिसते, डिरेक्टरीला चालते, दुसऱ्या डिस्कवर जाते, आणि नंतर येणाऱ्या माणसाला वाचता येते. हार्ड लिंक मी मुख्यतः बॅकअपसाठी वापरतो. आरसिंक या कॉपी करणाऱ्या प्रोग्रॅमला --लिंक-डेस्ट हा ऑप्शन दिला की न बदललेल्या फाइली नव्याने कॉपी न होता मागच्या बॅकअपमधल्या फाइलींना हार्ड लिंक होतात: रोजची डिरेक्टरी पूर्ण दिसते, जागा फक्त बदललेल्या फाइलींची जाते. फाइलींनी किती जागा घेतली ते मोजणारी डीयू एका फेरीत अशी फाइल एकदाच मोजते. मात्र दहा बॅकअपमध्ये एका फाइलची दहा नावं दिसली तरी त्या दहा प्रती नाहीत. त्या एका आयनोडचा ब्लॉक खराब झाला तर दहाही नावं एकदम खराब होतात, म्हणून दुसऱ्या डिस्कवर खरी प्रत हवीच. एक्सएफएस आणि बीटीआरएफएस या फाइलसिस्टिमवर सीपी --रीफ्लिंक हा तिसरा मार्गही आहे. त्यात आयनोड वेगळे, मजकुराचे ब्लॉक सामायिक, आणि एका बाजूने लिहिलं की तेवढाच भाग वेगळा होतो.

पायरी ६: पुसलं, पण जागा कुठे गेली?

माझ्या पहिल्या काही वर्षांतली गोष्ट. रात्री सर्व्हरची डिस्क १०० टक्के भरली. एक प्रचंड लॉग फाइल सापडली, मी आरएम केलं, डिस्क किती भरली ते सांगणारी डीएफ चालवून पाहिली. १०० टक्केच. पुन्हा पाहिलं. डीयूच्या हिशेबाने बरीच जागा मोकळी असायला हवी होती, डीएफ म्हणत होती काहीच नाही. शेवटी मी अख्खं मशीन बंद करून चालू केलं आणि जागा परत आली. त्या रात्री ते का झालं हे मला सांगता आलं नव्हतं.

कारण असं. आयनोड आणि त्याचा मजकूर मोकळा व्हायला दोन अटी लागतात: लिंक काउंट शून्य व्हायला हवा, आणि ती फाइल कुठल्याही प्रोसेसने उघडून ठेवलेली नसावी. मी नाव काढलं, पण लॉग लिहिणारी प्रोसेस फाइल धरून बसली होती. डीयू नावं चालत जाते, तिला ती फाइल दिसत नव्हती; डीएफ ब्लॉक मोजते, तिला दिसत होती. मशीन बंद करायची गरज नव्हती:

    एलएसओएफ +एल१

इथे एल मोठं अक्षर. ही कमांड लिंक काउंट १ पेक्षा कमी असलेल्या, म्हणजे नाव गेलेल्या पण उघड्या असलेल्या फाइली दाखवते, सोबत प्रोसेसचा क्रमांक. तेवढीच प्रोसेस रीस्टार्ट केली की झालं. आणि चुकून हवी असलेली फाइल पुसली गेली पण एखादा प्रोग्रॅम ती अजून धरून असेल, तर लिनक्सवर ती परतही मिळते. समजा प्रोसेस ४१२७, फाइल डिस्क्रिप्टर (त्या प्रोसेसमधला उघड्या फाइलचा क्रमांक) ३:

    सीपी /प्रॉक/४१२७/एफडी/३ वाचवलेली

हे करण्याआधी तो प्रोग्रॅम बंद करू नका.

चालू लॉगची जागा मोकळी करायची असेल तर पुसण्याऐवजी रिकामी करा: ट्रंकेट -एस ० आणि फाइलचं नाव. आयनोड तोच राहतो, मजकूर जातो. प्रोग्रॅम फाइलच्या शेवटी जोडत जाणाऱ्या पद्धतीने लिहीत असेल तर हे अगदी स्वच्छ होतं. नसेल तर तो जुन्या जागेपासूनच पुढे लिहितो आणि एलएसमध्ये आकार पुन्हा अवाढव्य दिसतो. मधली पोकळी डिस्कवर जागा घेत नाही, पण बघणारा घाबरतो.

लॉग रोज नवा होत असेल तर फाइलच्या शेवटी येणाऱ्या ओळी दाखवत राहणाऱ्या टेल -एफ मधलं एफ लहान की मोठं यालाही अर्थ आहे. लहान एफ उघडलेल्या आयनोडच्या मागे जातं, म्हणून रात्री लॉगचं नाव बदललं की ते जुन्याच फाइलकडे शांतपणे बघत बसतं. मोठं एफ नावाच्या मागे जातं आणि नवी फाइल आली की तिच्याकडे वळतं.

पायरी ७: आयनोड संपले तर

‘डिस्कवर जागा शिल्लक नाही’ अशी चूक, आणि डीएफ -एच मध्ये ४० टक्के मोकळं. अशा वेळी:

    डीएफ -आय

एक्स्ट४ फॉरमॅट करतानाच आयनोड किती ते ठरवून टाकते, नेहमीच्या सेटिंगला दर १६,३८४ बाइटमागे एक. १ टीबी, म्हणजे १,०२४ जीबी, जागेवर ६,७१,०८,८६४ आयनोड होतात, आणि प्रत्येकी २५६ बाइटने त्या तक्त्यालाच १६ जीबी जातात. फाइली सरासरीने १६ केबीहून मोठ्या असतील तर हे भरपूर. पण एखादा प्रोग्रॅम सेशनच्या, कॅशच्या किंवा न गेलेल्या मेलच्या बारीक बारीक फाइली लाखांनी टाकत राहिला, तर ब्लॉक शिल्लक असताना आयनोड संपतात. गुन्हेगार डिरेक्टरी शोधायला:

    डीयू --आयनोड्स -एक्स . | सॉर्ट -एन | टेल

सापडल्यावर आरएम आणि तारा (*, म्हणजे सगळी नावं) असं केलंत तर ‘यादी फार लांब’ अशी चूक येण्याची शक्यता आहे. फाइंडने पुसा:

    फाइंड सेशन -टाइप एफ -एमटाइम +३० -डिलीट

इथे -डिलीट नेहमी शेवटी. फाइंड अटी डावीकडून उजवीकडे तपासते. -डिलीट आधी लिहिलंत तर तारखेची अट बघण्याआधीच फाइल गेलेली असेल. म्हणून मी ही कमांड आधी -डिलीट शिवाय चालवतो, यादी वाचतो, मगच तो शब्द जोडतो.

एक्स्ट४ वर आयनोडची संख्या नंतर सहज वाढवता येत नाही. फाइलसिस्टिमच मोठी केली तर त्या प्रमाणात वाढते. बारीक फाइलींचाच साठा असणार हे आधी माहीत असेल तर फॉरमॅट करताना -आय ने प्रमाण बदला, किंवा एक्सएफएस घ्या. ती आयनोड लागतील तसे तयार करते.

पायरी ८: सारखंच दिसणारं नाव दोनदा

कर्नलसाठी नाव म्हणजे बाइटची रांग. स्लॅश आणि शून्य बाइट सोडून त्यात काहीही चालतं, आणि त्या बाइटचा उच्चार काय होतो याच्याशी कर्नलला देणंघेणं नाही. मराठीत याचा फटका नेमका बसतो. ‘तऱ्हा’ हा शब्द घ्या. काही कळफलक अर्धा र लिहिताना ऱ आणि पाय मोडण्याची खूण देतात: तऱ्हा. काही साधा र, पाय मोडण्याची खूण आणि एक न दिसणारं जोडचिन्ह देतात: तर्‍हा. डोळ्यांना दोन्ही सारखे, पण पहिला १५ बाइटचा, दुसरा १८ बाइटचा. एक्स्ट४ नेहमीच्या सेटिंगमध्ये ही दोन वेगळी नावं मानते. मग एका डिरेक्टरीत एकाच नावाच्या दोन फाइली दिसतात, किंवा समोर दिसणारी फाइल नाव टाइप करून उघडतच नाही.

अशा वेळी नावाशी झगडू नका, क्रमांक घ्या.

    एलएस -आय
    एलएस | ओडी -सी

पहिली कमांड दाखवेल की आयनोड दोन आहेत, दुसरी दाखवेल की बाइट कुठे वेगळे आहेत. मग हवी ती फाइल तिच्या क्रमांकाने पकडा, आधी आत काय आहे ते बघा, आणि तिला ओळखू येईल असं नाव द्या:

    फाइंड . -मॅक्सडेप्थ १ -आयनम ५२४३१३० -एक्झेक कॅट {} \;
    फाइंड . -मॅक्सडेप्थ १ -आयनम ५२४३१३० -एक्झेक एमव्ही {} तऱ्हा-जुनी \;

नावात विचित्र चिन्हं आली, ओळ तुटली, किंवा डॅशने सुरू होणारं नाव कमांडला ऑप्शन वाटू लागलं, तरी हाच उपाय चालतो. डॅशसाठी नावाआधी टिंब आणि स्लॅश लावलं तरी भागतं. क्रमांक मात्र प्रत्येक वेळी ताजा बघून घ्या. फाइल पुसली गेली की तिचा आयनोड क्रमांक पुढच्या एखाद्या फाइलला मिळू शकतो, आणि कालच्या कागदावर लिहून ठेवलेला आकडा आज दुसऱ्याच फाइलचा असू शकतो.